ती रिबन कुणाची?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो आहे, वय 66, राहणार नाशिक. आमच्या कॉलनीतले आम्ही दहा-बाराजण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमतो आणि एका पुस्तकावर बोलतो. मी टिपणं काढून जातो. गेल्या वर्षी हौसेनं पत्नीलाही (वय 61) यायला लावलं आणि आता पस्तावतो आहे. 'ययाति'वर मी पाऊण तास बोललो. ही म्हणाली, "पूरूनं बापाला तारुण्य दिलं याचं सगळ्यांना कौतुक, पण त्याच्या आईला कुणी विचारलं का?" 'मृत्युंजय'बद्दल म्हणे, "वृषालीचा भाग दोनदा वाचला, कर्णाचं मेलं रडगाणंच फार." 'श्यामची आई'वर सगळे गहिवरून बोलत होते, तर हिचं आपलं, "आई कुठं बोलते त्यात? सगळं श्यामच सांगतो." लोक हसतात, टाळ्या देतात. एक बाई मला म्हणाल्या, पुढच्या वेळी यांनाच बोलू द्या.

'कोसला' तर अर्धवटच सोडली. वास्तविक हिचं माहेर यावलकडचं, त्यातली बोली हिच्या घरची, म्हणून मी मुद्दाम लायब्ररीतून आणली होती. मनीच्या मरणापाशी थांबली आणि मग आठवडाभर पुस्तकाला हात लावला नाही. शेवटी मीच परत देऊन आलो. आत खुणेला हिची कसलीशी जुनी रिबन राहिली होती. लायब्ररीतल्या बाईंचा दोनदा फोन आला, सकाळी साडेआठला उघडतो, घेऊन जा. मी म्हटलं, टाकून द्या. असो. वैयक्तिक भावना बाजूला ठेवून पुस्तकाकडे कसं बघावं, हे तिला कोणत्या शब्दांत समजावून सांगू?

उत्तर

भाऊ,

तुमचा 'असो' चुकीच्या जागी पडला आहे. पाऊण तासाच्या भाषणानंतर तो शोभला असता. रिबनीनंतर नाही.

पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा खुदुखुदु हसत, कारण तुमच्या बायकोची मतं फर्मास आहेत. दुसऱ्यांदा त्या रिबनीपाशी अडकले ते अडकलेच. रंग लिहिला नाहीत. रुंद की अरुंद, तेही नाही. 'कसलीशी' म्हणून मोकळे झालात. अहो, एकसष्ट वर्षांची बाई वेणीला रिबन बांधत नाही. मग ती घरात आली कुठून?

लग्नाआधी तीन वर्षं मी आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकं लावायचं काम केलंय. परत आलेलं पुस्तक आधी उलटं धरून झटकायचं आणि मग कपाटात, असा आमचा शिरस्ता. काय काय पडायचं! एसटीची तिकिटं, वाण्याची यादी, डॉक्टरांची चिठ्ठी, उदबत्तीच्या पुड्याचा कागद, एकदा तर चक्क भाजलेल्या पापडाचा तुकडा. माणूस खुणेला हाताला लागेल ते घालतो. रिबन अशी हाताला लागत नाही. ती कुठंतरी ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली, कागदात गुंडाळून ठेवलेली असते. ती उठून काढून आणावी लागते.

आणि ती निघाली कुठल्या पानासाठी? मनीच्या.

'कोसला' 1963 सालची, नेमाडे तेव्हा पंचविशीचे. तिच्यातलं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लोकांच्या तोंडी बसलं, पुण्यातलं होस्टेल लक्षात राहिलं. तुमच्या टिपणांतही त्यावर दीड पान असणार, पैज लावते. पण ज्यांनी ती खरोखर वाचली आहे ते मनीवर आले की जरा थांबतात. धाकटी बहीण. देवी येतात आणि ती जाते. तोवर दिसेल त्याची टर उडवणारा पांडुरंग सांगवीकर, त्या पानांवर त्याला काय बोलावं ते कळत नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा गॅसवर पिठल्याचं पातेलं होतं, त्याचा तळ अजून काळा आहे. माझी तर कुणी बहीणही नव्हती.

आता जरा हिशेब करा, तुमचा तो हातखंडा. देवी आपल्या देशातून गेल्या त्या 1975 साली. तुमची बायको आज 61 वर्षांची, म्हणजे तिच्या लहानपणाची पहिली वर्षं त्याच्या आतली. घरात कुणाच्या अंगावर फोड उठले की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा, 'आई आल्या' असं हळू आवाजात बोललं जायचं, आणि बाकीच्या पोरांना काही न सांगता मामाकडे धाडून द्यायचे. परत आल्यावर अंथरुणं एक कमी.

त्यांची बहीण गेली असं मी म्हणत नाहीये. मैत्रीण असेल, चुलत बहीण असेल, देवी नसतील तर विहीर असेल. त्यांच्या पोटची कुणी असेल, ते तरी तुम्हाला ठाऊक असेलच अशी आशा करते. काहीच नसेल, रिबन त्यांचीच असेल, शाळेतली. मला माहीत नाही. मला नसलं तरी चालतं, मी तुमच्या घरात राहत नाही.

तुम्ही राहता. आणि तुम्ही त्या बाईंना फोनवर सांगितलंत, टाकून द्या.

तुमच्या पत्रात बायकोची तीन वाक्यं आहेत. मोजून तीन. तिन्ही कॉलनीच्या बैठकीत, लोकांसमोर बोललेली. घरात बोललेलं एकही नाही. तो आठवडा पुस्तक मिटून होतं, तेव्हा त्या काही बोलल्या असतील की? जेवताना, रात्री दिवा घालवताना? का तिथं ऐकायला कुणी असतं म्हणून त्या तिथंच बोलतात? त्या बाई तुम्हाला म्हणाल्या ना, पुढच्या वेळी यांनाच बोलू द्या. तुम्हाला तो टोमणा वाटला. त्या तुमच्यावर उपकार करत होत्या.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, भावना बाजूला ठेवायचा. त्या बँकेत व्हाउचर तपासताना ठेवायच्या असतात, तिथं तुम्ही ठेवल्याही असतील, उत्तम. पुस्तकात त्या बाजूला ठेवल्या तर उरतं काय, पृष्ठसंख्या? आणि वहिनींनी पुस्तकाबाहेरचं काही विचारलेलंही नाही. खांडेकरांनी ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघांना आपापल्या तोंडून बोलायला लावलंय, म्हणजे पूरूच्या आईचं म्हणणं ऐका असं लेखकच सांगतोय. सावंतांनी वृषालीला उगाच का वेगळा भाग दिला? आणि 'श्यामची आई'च्या बेचाळीस रात्री खरोखरच एकटा श्याम बोलतो. इतकी वर्षं आम्ही डोळे पुसले, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. 'ययाति' मी एकोणिसाव्या वर्षी वाचली तेव्हा शर्मिष्ठेसाठी उशी भिजवली होती. पन्नाशीत परत वाचली तर देवयानीचं पटायला लागलं. आमच्या ह्यांनी त्यानंतर ते पुस्तक माळ्यावर टाकलं.

तेव्हा तिला काही समजावू नका. तुमच्या वाट्याला एकच काम आहे.

उद्या सकाळी लायब्ररीत जा. रिबन मागून घ्या. दोनदा फोन करणारी बाई अशी वस्तू टाकत नाही, टेबलाच्या खणात असेल. टाकली असेलच, तर घरी येऊन तेही सरळ सांगा आणि पुढचं जे होईल ते सोसा. मिळाली तर खिशात चुरगाळू नका. घरी आल्यावर वहिनींच्या हातात द्या आणि विचारा, "ही कुणाची?"

दोनच शब्द. त्याला शेपूट नको. 'मला आपलं वाटलं' नको, 'तू कधी सांगितलं नाहीस' तर मुळीच नको. विचारून झालं की गप्प बसा. त्या म्हणतील, कुणाची नाही, जुनी आहे. बसून राहा. त्या भाजी निवडायला घेतील, तुम्हीही चार जुड्या ओढून घ्या. पेपर उघडू नका. फोन वाजला तर वाजू द्या. एका बैठकीत होणार नाही कदाचित, तेव्हा संध्याकाळीही घरीच राहा.

आणि जे काही ऐकाल ते दुसऱ्या रविवारी हॉलमध्ये सांगायचं नाही. टिपणात तर नाहीच.

तुम्ही यावलची बोली म्हणून ते पुस्तक शोधून आणलंत, एवढ्या एका गोष्टीवर मी हे सगळं लिहितेय. येताना 'कोसला'ही परत घेऊन या, आपल्या नावावर. मनीची पानं कुठली ते तुम्हाला आठवत नसेल, तर रिबन देण्याआधी तिथंच बाकावर बसून शोधा आणि वाचा. साडेआठला उघडते म्हणालात. सव्वाआठलाच जाऊन थांबा.