रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, ॲसिड... सगळं एकदम नको गं

अगं, चेहऱ्याला लावायच्या पाच बाटल्या एकदम मागवल्यास ना, आता त्यातल्या चार कपाटात ठेव. मी पण सुरुवातीला असंच केलेलं, एकाच रात्री ग्लायकोलिक ॲसिड (मृत त्वचा काढणारं) आणि त्यावर रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चाच एक प्रकार), सकाळी नाकाच्या बाजूला साल निघत होती आणि साधं मॉइश्चरायझर लावलं तरी मिरची लागल्यासारखी आग.

सकाळी व्हिटॅमिन सी, मग मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, एसपीएफ ३० च्या खालचं नको आणि दोन बोटांवर पट्टी येईल एवढं घे, लोक इथेच कंजूषपणा करतात. रेटिनॉल फक्त रात्री, वाटाण्याएवढं, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, आठवड्यातून दोनच रात्री, तेही एकटंच. ॲसिडची रात्र वेगळी ठेव, म्हणजे सोमवारी रेटिनॉल तर गुरुवारी ॲसिड, मधल्या रात्री नुसतं मॉइश्चरायझर. कंटाळवाणं आहे, पण त्वचा सावरते ती त्याच रात्री.

नायसिनामाइडचं, म्हणजे व्हिटॅमिन बी३ च्या एका प्रकाराचं, टेन्शन घेऊ नकोस, ते बहुतेक सगळ्यांशी जुळवून घेतं. व्हिटॅमिन सी सोबत चालत नाही म्हणतात ते जुनं झालं आता. फक्त ५ टक्क्यांचं पुरे, १० चं उगाच कशाला.

नवीन काही आलं की आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघ. आणि हो, बाळाचा विचार चालू असेल तर रेटिनॉल आत्ताच बंद, डॉक्टरांना विचार. सुरुवात सनस्क्रीनपासून कर, बाकीचं महिन्याभराने बघू.