यहेज्केलने पाहिलेल्या सिंहासनाला चाके का?

बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातले पहिलेच दर्शन: देवाच्या सिंहासनाखाली चाकात चाक, चाकांच्या कडांवर डोळेच डोळे, चार तोंडांचे प्राणी. हे स्वर्गाचे वर्णन आहे की परग्रहावरचे यान, असा तुमचा प्रश्न. आधी एक दुरुस्ती करतो: पहिल्या अध्यायात यहेज्केल स्वर्गात जातच नाही. तो खबार नदीच्या काठी उभा आहे आणि आकाश उघडून जे यायचे ते त्याच्याकडे येते. सगळी गोम तिथेच आहे.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाची राजधानी यरुशलेम घेतली आणि यहोयाखीन राजासह अनेकांना बाबेलला नेले. त्यांच्यात याजक, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांच्या, घराण्यातला बूजीचा मुलगा यहेज्केल होता. दर्शन झाले ते बंदिवासाच्या पाचव्या वर्षी, म्हणजे ५९३ मध्ये. पुस्तक मात्र सुरू होते 'तिसाव्या वर्षी' या शब्दांनी. कशाचे तिसावे, ते सांगितलेले नाही. बरेच अभ्यासक ते त्याचे वय मानतात आणि मलाही तेच पटते, कारण बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात पवित्र सेवेला लागण्याचे वय तीस आहे. ज्या वर्षी मंदिरात उभे राहायचे, त्या वर्षी हा माणूस परमुलखात, एका कालव्याच्या काठी. (हो, 'खबार नदी' म्हणजे बहुधा बाबेलच्या मुलखातल्या निप्पूर शहराजवळचा कालवा.) आणि यरुशलेमचे देऊळ महिनोन्‌महिन्यांच्या वाटेवर मागे राहिलेले.

आता ते प्राणी बघा. समोर माणसाचे तोंड, उजवीकडे सिंहाचे, डावीकडे बैलाचे, शिवाय गरुडाचे. हे कोण, ते त्याला दहाव्या अध्यायात उमगते: करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय प्राणी. मंदिराच्या गाभाऱ्यात कराराच्या कोशावर, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवर, पंख पसरून असायचे तेच. म्हणजे गाभाराच उठून बाबेलला आला! चाके कुठेही न वळता चारी दिशांना जातात, कारण त्यांच्यावरचे सिंहासन एका डोंगराला, एका शहराला बांधलेले नाही. आपला देव मागे राहिला असे समजून बसलेल्या निर्वासितांसाठी याहून मोठी बातमी कोणती?

या बातमीला दुसरी, कडू बाजूही आहे. जे येऊ शकते ते निघूनही जाऊ शकते. ८ ते ११ या अध्यायांत परमेश्वराचे तेज मंदिर सोडते, तेही एकदम नाही: आधी उंबरठा, मग पूर्वेचे दार, मग शहराच्या पूर्वेचा डोंगर. जणू पाय निघत नाही. ५८६ मध्ये मंदिर जळाले तेव्हा, यहेज्केलच्या हिशेबी, ते आधीच रिकामे होते.

यानवाल्यांचा आवडता पुरावा म्हणजे तेजासाठी आलेला 'हश्मल' हा हिब्रू शब्द, कारण आज इस्रायलमध्ये विजेला तेच म्हणतात. पण तो अर्थ आधुनिक काळात दिलेला आहे. शिवाय यहेज्केल स्वतः किती जपून बोलतो पाहा: 'सारखे', 'जणू', 'असे दिसले'. शेवटी तर तेजाच्या प्रतिमेचा देखावा, एवढेच म्हणून तो पालथा पडतो. यंत्राचा आराखडा देणारा माणूस असे बोलत नाही.

चार तोंडे म्हणजे चार शुभवर्तमाने (येशूच्या जीवनाची बायबलमधली चार पुस्तके), हा अर्थ ख्रिस्ती परंपरेने नंतर लावला. सुंदर आहे, पण तो यहेज्केलच्या मनातला नव्हे.

पहिला अध्याय वाचून झाला की सरळ ४३वा काढा. पहिले दर्शन होऊन वीस वर्षे झाली आहेत. तेच तेज पूर्वेच्या दाराने नव्या मंदिरात परत येते आणि म्हणते, हे माझ्या सिंहासनाचे ठिकाण, इथे मी सदासर्वकाळ राहीन. तिथे चाकांचा उल्लेख नाही.