शपथ झाली, आता जुन्या पासपोर्टचं काय?

प्रश्न : कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ गेल्या महिन्यात झाली. भारतीय पासपोर्टची मुदत अजून तीन वर्षं आहे. आई आजारी आहे. त्यावरच साताऱ्याला येऊ का?

उत्तर : नको, ताई. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. छापलेली मुदत मग कामाची नाही. कॅनडाचा पासपोर्ट काढा, जुना वकिलातीमार्फत जमा करा आणि व्हिसा घेऊन आधी आईला भेटा. ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, ते नंतर. त्यावर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही; वारसाने आलेली मात्र राहते.

माझा पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला, तेव्हा मी खूप रडले. बाविशीतला फोटो तेवढा शाबूत होता. तो पासपोर्ट आईच्या पोथीशेजारी ठेवलाय.