खुराड्याला जाळी लावूनही रात्री कोंबड्या मारल्या जातात, काय करावं?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. दारव्ह्याकडचं गाव, घरामागे गावरान कोंबड्या, खुराड्याला षटकोनी कोंबडीजाळी. तरी एका रात्रीत दोन जागीच मेल्या, मानेवर चावे, एक गायब आणि जाळी खालच्या कोपऱ्यात आत वाकलेली. वर तुम्ही यूट्यूबवर रॅकूनपासून खुराडं वाचवायचा व्हिडिओ पाहिला आणि विचारलं की हे आपल्याकडे लागू पडतं का.

रॅकून आपल्याकडे नाही. ते उत्तर अमेरिकेतलं जनावर. पुढच्या पंजांनी साधी कडी सरकवतं, जाळीतून पंजा घालून कोंबडी ओढतं, म्हणून तिकडे दाराला दोन-दोन कड्या लावतात. पण त्या व्हिडिओतली बारीक जाळीची आणि जमिनीलगतच्या फटीची गोष्ट आपल्याकडेही तितकीच खरी आहे.

आधी चोर कोण ते पाहा, खर्च नंतर. दिवसाढवळ्या पिल्लू गेलं तर मुंगूस, शिकरा, घार, कावळा, नाहीतर शेजाऱ्याचं मांजर (त्याचं नाव कोणी घेत नाही). मुंगूस रात्री फिरत नाही, त्यामुळे तुमच्याकडे तो नव्हे. अंडी किंवा पिल्लं मागमूस न ठेवता गायब होत असतील तर साप, बहुतेक धामण किंवा नाग. पिल्लांचे पाय कुरतडलेले आणि कडेला ताजी उकरलेली माती दिसली तर घूस. पाच-सहा कोंबड्या फाडून, न खाता टाकल्या असतील तर गावातली कुत्री. कोल्हा उचलून नेतो, धुऱ्यापर्यंत पिसं सांडलेली दिसतात. तुमच्या वर्णनावरून मला रानमांजर किंवा उदमांजर वाटतं.

खात्री करायची तर चुलीची राख चाळून घ्या आणि संध्याकाळी खुराड्याभोवती हातभर रुंद पट्टा पसरा. सकाळी ऊन चढायच्या आत बघा. मांजराचा ठसा गोल, चार बोटं, नखं उमटत नाहीत. कुत्र्या-कोल्ह्याची चार बोटं, पण पुढे नखांचे टोचे दिसतात. उदमांजराला पाच बोटं. उदमांजर झाडावरून टिनावर उतरतं, तेव्हा राख कोरी राहिली आणि कोंबडी गेली, तर छप्पर आणि भिंतीच्या मधली फट तपासा.

आता जाळी. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रं ती दातांनी ओढून फाडतं, रानमांजर भोकातून पंजा घालतं. लागते ती अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डेड जाळी, गॅल्व्हनाइज्ड, तार मिलिमीटरभर जाडीची. पिल्लू गिळण्याइतका साप तिच्यातून शिरत नाही. संपूर्ण खुराड्याला परवडत नसेल तर खालचे तीन फूट आणि सगळे झरोके तरी हिने झाका. नुसत्या बांधायच्या तारेवर भागवू नका, जाळीच्या कडेवर लाकडी पट्टी ठेवून वायसर घालून स्क्रू मारा. आणि बसायची काठी जाळीपासून फूटभर आत घ्या. कोंबडी जाळीला टेकून झोपली की बाहेरून पाय धरून ओढणं सोपं जातं.

खरी गडबड मात्र जमिनीशी आहे, आणि परदेशी व्हिडिओत ती सापडणार नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. त्यात रोवलेले खांब कलतात, दाराची चौकट तिरपी होते, खाली तीन बोटं जागा होते. मृगात चांगलं घट्ट बसवलेलं खुराडं माघ-फाल्गुनात खालून उघडं पडलेलं असतं. म्हणून खुराड्याच्या तळाची काळी माती फूट-दीड फूट काढा, मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करा, त्यावर विटांचा एक थर द्या. जाळी भिंतीवरून खाली आणून बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट जमिनीवर आडवी पसरा आणि वर माती-दगड टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरायला लागतं, खाली जाळी लागली की मागे सरकून नव्याने उकरायचं त्याला सुचत नाही. खोल चर खणण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. मुरूम मिळत नसेल तर खुराडं दीड-दोन फूट उंच मेढींवर उचलून घ्या, घुशीचा प्रश्नच मिटतो.

जनावराच्या धास्तीने चारही बाजूंनी टिन ठोकू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, बंद टिनाच्या पेटीत कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात आणि मरतात. तेव्हा रानमांजराने जेवढं नेलं नसतं तेवढं ऊन नेतं. वरचा भाग जाळीचाच ठेवा, छपरावर पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा जाड थर टाका.

गावरान कोंबड्यांना चिंचेवर नाहीतर लिंबावर झोपायची खोड असते. संध्याकाळची ज्वारी किंवा तांदळाची कणी खुराड्याच्या आतच टाकायची सवय लावली की आपोआप आत येतात. दिवेलागणीला मोजून दार लावायचं, कडी खटक्याची नको, कोयंड्यात खिळा घालायचा. निम्म्याहून जास्त नुकसान दार उशिरा लावल्याने होतं असं माझं मत आहे.

पिल्लांची तऱ्हा वेगळी. शिकऱ्यापासून दिवसा वर जाळं ताणा, पण जुनं नायलॉनचं जाळं जमिनीलगत लोंबू देऊ नका, त्यात साप अडकतो आणि सोडवायला जाणाऱ्याला चावतो. अंड्यासाठी अंधारात हात घालायचा नाही, आधी टॉर्च. तरीही सर्पदंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा.

चमकणारे सौर दिवे विकत घेऊ नका, आठवडाभरात जनावरं सरावतात. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र) चालतं, एक तार अर्ध्या फुटावर आणि एक फुटावर, पण फक्त मशीनचाच झटका. खांबावरची लाईन थेट तारेत सोडणारे लोक आहेत आपल्याकडे. त्यात माणसं मेली आहेत, वाघ मेले आहेत आणि तो गुन्हा आहे. विष कालवलेलं मांसही तसंच, आधी तुमचाच कुत्रा जातो. रानमांजर, उदमांजर, मुंगूस, नाग, धामण या सगळ्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे फासा-सापळ्याचा विचारही नको. ताडोबाच्या बाजूचे कोणी वाचत असतील तर: राखेत तळहाताएवढा मांजरासारखा ठसा दिसला की तो बिबट्या धरा, रात्री कोंबड्यांच्या आवाजाला बाहेर पडू नका, वनविभागाच्या 1926 नंबरवर कळवा.

जाळी आणेपर्यंत काय? उरलेल्या कोंबड्या रात्री डालग्याखाली घालून, वर दगड ठेवून, कोठ्यात किंवा पडवीत घ्या. मेलेल्या दोन्ही खोल पुरा, वावरात फेकू नका. जिथे सहज मिळालं तिथे जनावर दोन-चार दिवसांत परत येतं. ठसा मिळाला तर शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा आणि इथेच टाका, बघून सांगतो.