शनिवारचे खेळाडू: अमेरिकन कॉलेज फुटबॉलविषयी वाचकांचे प्रश्न

ऑगस्ट सरता सरता अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे शनिवारी रंगणाऱ्या सामन्यांचा, हंगाम सुरू होतो आणि मुले-नातवंडे तिकडे असलेल्या घरांतून प्रश्न येऊ लागतात. यंदा बहुतेकांनी मैदानावरच्या मुलांविषयी विचारले आहे: ती येतात कुठून आणि पुढे त्यांचे काय होते. माझ्याही मनाला हाच विषय सर्वांत जवळचा.

प्रश्न: मुलगी ओहायो स्टेट विद्यापीठात शिकते, तिच्यामुळे आम्हीही सामने बघू लागलो. आपल्याकडे वयोगटांचे क्रिकेट आणि जिल्हा निवड चाचण्या असतात, तसे काही तिथे असते का? (पुणे)

नाही. तिथे सगळी मदार हायस्कूलवर आहे. शुक्रवारी रात्री शाळांचे सामने होतात आणि टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियातल्या लहान गावांत त्या रात्री सारे गाव मैदानावर असते. देशभरात दहा लाखांच्या आसपास मुले शाळेकडून खेळतात. कॉलेजांचे प्रशिक्षक त्यांच्या चित्रफिती बघतात, शाळा-शाळा फिरतात, मुलाच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलतात. मुलांना एक ते पाच 'तारे' देणाऱ्या संस्थाही आहेत. ज्याच्या नावापुढे पाच तारे लागतात, त्याच्या दारात सोळाव्या वर्षीच देशातली नामांकित विद्यापीठे उभी असतात.

या ताऱ्यांवर मात्र फार विसंबू नका. जॉश ॲलन हा कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या छोट्या गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा वरच्या श्रेणीतल्या एकाही विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. जवळच्या रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजात तो खेळला, तिथून त्याने देशभरच्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवले आणि शेवटी वायोमिंगने त्याला घेतले. २०१८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, तो सातवा निवडला गेला आणि २०२४च्या हंगामात एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डेट्रॉइट लायन्सचा पेनेई सुएल तर अमेरिकन सामोआत वाढला. पॅसिफिक महासागरातल्या या बेटांची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, पण तिथून निघालेल्या फुटबॉलपटूंची रांग लांबलचक आहे.

प्रश्न: संघात कृष्णवर्णीय खेळाडू इतके दिसतात. पूर्वीपासून असेच होते का? (नागपूर)

मुळीच नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत दक्षिणेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांचे संघ पूर्णपणे गोरे होते. अलाबामा किंवा मिसिसिपीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मुलाला त्याच्याच राज्याच्या विद्यापीठाकडून खेळता येत नसे. तो जाई ग्रॅम्बलिंग, जॅक्सन स्टेट अशा, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या कॉलेजांत. तिथे पैसा कमी होता आणि वृत्तपत्रांचे लक्ष त्याहून कमी, पण शिकवणारी माणसे मोठी होती. एडी रॉबिन्सन यांनी १९४१ ते १९९७ ग्रॅम्बलिंगला प्रशिक्षण दिले आणि ४०८ सामने जिंकले. त्यांचाच विद्यार्थी डग विल्यम्स १९८८च्या जानेवारीत सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक (संघाचा डाव चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) ठरला.

उत्तरेत दारे थोडी आधी उघडली होती. सिरॅक्यूज विद्यापीठाचा अर्नी डेव्हिस १९६१ साली हाइजमन करंडक मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हा मान. व्यावसायिक सामना खेळण्याआधीच १९६३ साली तो रक्ताच्या कर्करोगाने गेला, अवघ्या तेविसाव्या वर्षी. दक्षिणेतला बदल सांगताना सप्टेंबर १९७०चा बर्मिंगहॅममधला सामना नेहमी आठवला जातो. कॅलिफोर्नियाहून आलेल्या यूएससीने (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) अलाबामाला ४२-२१ हरवले आणि त्यांच्या सॅम कनिंगहॅमने १३५ यार्ड धाव घेतली. त्या एका संध्याकाळीने अलाबामा बदलले अशी दंतकथा आहे, ती मला पटत नाही. विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय मुलाला अलाबामाने आधीच घेतले होते. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून तो मैदानाबाहेर होता. बदल घडवला तो न्यायालयांनी, नागरी हक्कांच्या चळवळीने आणि वर्गात पहिल्यांदा एकटे जाऊन बसलेल्या मुलांनी. त्याचे श्रेय एका पराभवाला देणे हा त्या मुलांवर अन्याय आहे.

प्रश्न: 'वॉक-ऑन' खेळाडू म्हणजे कोण? (कोल्हापूर)

शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला. सराव तोच, मार तोच, पण फी स्वतःच्या खिशातून. बेकर मेफिल्ड आधी टेक्सास टेकमध्ये आणि मग ओक्लाहोमात असाच आला. २०१७ साली त्याने हाइजमन जिंकला आणि २०१८च्या ड्राफ्टमध्ये पहिलाच निवडला गेला. जे. जे. वॉटने तर सेंट्रल मिशिगनमधली शिष्यवृत्ती सोडली, काही काळ घरोघरी पिझ्झा पोचवला आणि विस्कॉन्सिनमध्ये स्वखर्चाने दाखल झाला. पुढे एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू तो तीनदा ठरला.

प्रश्न: एनएफएलपर्यंत किती जण पोचतात? आणि बाकीच्यांचे काय? (नाशिक)

ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत दरवर्षी अडीचशेच्या थोडे वर खेळाडू निवडले जातात. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिच्याच अंदाजानुसार ड्राफ्टला पात्र असलेल्यांपैकी दीड टक्क्याच्या आसपास मुले व्यावसायिक होतात. म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाची कारकीर्द कॉलेजातच संपते. निवड झालेल्यांतही कित्येक जण तीन-चार वर्षांत बाहेर पडतात. साउथ कॅरोलायनाचा मार्कस लॅटिमोर हा आधी एका आणि मग दुसऱ्या गुडघ्याला झालेल्या दुखापतींमुळे एनएफएलचा एकही सामना न खेळता निवृत्त झाला. तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता.

बाकीचे शाळेत शिकवतात, हायस्कूलचे प्रशिक्षक होतात, विमा नि विक्रीच्या क्षेत्रात जातात, स्वतःचा धंदा काढतात. या वाटेला दुय्यम समजू नये असे मला मनापासून वाटते. पहिला हाइजमन करंडक १९३५ साली शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगरला मिळाला. १९३६ साली एनएफएलचा पहिला ड्राफ्ट झाला तेव्हा पहिले नाव त्याचेच होते, आणि तो व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. मिशिगन विद्यापीठाकडून सेंटर, म्हणजे मधल्या जागी, खेळणारा जेराल्ड फोर्ड याला ग्रीन बे आणि डेट्रॉइट या दोन्ही संघांनी बोलावले होते. त्याने येल गाठले, तिथे प्रशिक्षकाचा सहायक म्हणून काम केले, कायदा शिकला आणि १९७४ साली राष्ट्राध्यक्ष झाला.

माझ्या मनात मात्र पहिले नाव ॲलन पेज यांचे येते. नोत्र दाममधून ते मिनेसोटा व्हायकिंग्जमध्ये गेले आणि १९७१ साली लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचावफळीतल्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. खेळत असतानाच त्यांनी मिनेसोटा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, १९७८ साली. पुढे १९९३ ते २०१५ ते त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. फ्लोरिडा स्टेटचा मायरन रोल रोड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला, २०१०च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत निवडला गेला, नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही, आणि आज तो मेंदूशल्यविशारद आहे.

प्रश्न: ही मुले खरेच शिकतात का? (ठाणे)

काही फार चांगली शिकतात. पण नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षे नावापुरते वर्ग चालले. तास होत नसत, एक निबंध दिला की चांगले गुण मिळत. २०१४च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांत निम्म्याच्या आसपास खेळाडू होते. अशा गुणांनी मुलगा मैदानावर टिकतो, पण बाविसाव्या वर्षी खेळ संपला की त्याच्या हातात काय उरते? मुलाने कोणते विद्यापीठ घ्यावे असे कोणी विचारले, तर मी सांगतो की आधी तिथल्या मागच्या पाच वर्षांतल्या खेळाडूंना शोधा आणि त्यांनी कोणते विषय पूर्ण केले ते त्यांनाच विचारा.

प्रश्न: कॉलेजच्या मुलांना आता पैसे मिळतात म्हणे. हे योग्य आहे का? (डॅलस)

माझ्या मते योग्य आहे, आणि फार उशिरा झाले. लाखभर लोकांची स्टेडियम भरत होती, प्रशिक्षक कित्येक राज्यांत सर्वाधिक पगाराचे सरकारी नोकर होते आणि खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही घेतल्यास शिक्षा होत होती. यूएससीच्या रेजी बुशने २००५ साली हाइजमन जिंकला. त्याने आणि त्याच्या कुटुंबाने नियमबाह्य लाभ घेतल्याच्या प्रकरणात २०१० साली त्याला तो परत करावा लागला. २०२४ मध्ये तो त्याला पुन्हा सन्मानाने दिला गेला.

१ जुलै २०२१ पासून खेळाडू जाहिराती आणि प्रायोजकांकडून कमावू शकतात. न्यायालयात झालेल्या तडजोडीनंतर जुलै २०२५ पासून विद्यापीठे थेट पैसे देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून विद्यापीठामागे मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची. मला काळजी वाटते ती वारंवार विद्यापीठ बदलण्याची. प्रत्येक बदलात काही विषयांचे क्रेडिट गळते आणि पदवी लांबते. मुलगा करार करणार असेल तर दलालाआधी वकिलाकडे जा.

प्रश्न: माझा अकरा वर्षांचा मुलगा टॅकल फुटबॉलसाठी हट्ट धरून बसलाय. डोक्याला मार लागण्याची भीती वाटते. (एडिसन, न्यू जर्सी)

तुमची भीती रास्त आहे. २०१७ साली बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत फुटबॉलपटूंचे दान केलेले मेंदू तपासले. कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांत, वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला जाणारा सीटीई हा विकार आढळला. दान करणारी कुटुंबे बहुतेकदा लक्षणे दिसल्यामुळेच पुढे येतात, म्हणून हे प्रमाण सरसकट सर्व खेळाडूंना लावता येत नाही. तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नाही. धक्के किती वर्षे बसले, यावर पुष्कळ अवलंबून असते.

त्याला आत्ता फ्लॅग फुटबॉल खेळू द्या. त्यात टॅकलसारखे अंगावर झेप घेऊन पाडत नाहीत, कमरेचा फडका ओढतात. धावणे, झेलणे, बचाव ओळखणे हे सगळे त्यात येते, आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ असणार आहे. हायस्कूलमध्ये गेल्यावर त्याला टॅकल खेळायचेच असेल, तर आधी प्रशिक्षकाला भेटा. आठवड्यात पूर्ण जोराची धडक किती दिवस असते, डोक्याला मार लागल्यावर खेळाडूला परत पाठवण्याचा निर्णय कोण घेते आणि सामन्याच्या वेळी मैदानावर दुखापतींकडे बघणारा प्रशिक्षित ॲथलेटिक ट्रेनर असतो का, हे विचारा. तो निर्णय प्रशिक्षक स्वतः घेत असेल, तर त्या संघात मुलाला घालू नका.