लष्करातला डॉक्टर युद्धात नेमकं काय करतो?

तुमची मुलगी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जायचं म्हणतेय, आणि तुम्ही विचारलंय की युद्ध झालं तर लष्करातल्या डॉक्टरला नेमकं काय करावं लागतं, तिला पुढे पाठवतील का, आणि सर्जन व्हायची तिची इच्छा तिथे पुरी होईल का. माझे बाबा त्याच कॉलेजचे. कॉलेज १९४८ सालचं, पण तिथे एमबीबीएसचा वर्ग सुरू झाला तो १९६२ च्या ऑगस्टमध्ये. बाबा त्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एकातले. १९७१ च्या युद्धात ते पश्चिम आघाडीवर, पाकिस्तानातल्या शकरगडच्या भागात, पायदळाच्या एका पलटणीचे आरएमओ होते. म्हणजे पलटणीचा डॉक्टर. साधारण ८०० माणसं आणि डॉक्टर एकच. मी त्या वेळी जन्मलेही नव्हते. पुढे लिहिते आहे ते वानवडीच्या घरात त्यांच्या तोंडून ऐकलेलं, तेही बहुतेक वेळा पावसाळ्यात.

पावसाळ्यात का, ते सांगते. आम्ही भावंडं शाळेतून भिजून आलो की बाबा आधी बूट-मोजे काढायला लावत. मग खुर्चीवर बसवून आमचा पाय स्वतःच्या मांडीवर घेत आणि टॉवेलचं टोक बोटांच्या बेचक्यांत घालून एकेक बेचकी कोरडी करत. अंगठ्याचं नख दाबून सोडत आणि ते पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघत. आई म्हणायची, अहो, पोरांना आधी काही खाऊ तरी द्या. ते म्हणायचे, पाय आधी. खूप नंतर माझ्या लक्षात आलं, की युद्धात त्यांनी सगळ्यात जास्त केलेलं काम हेच होतं.

शकरगडचा डिसेंबर म्हणजे कडाक्याची थंडी, धुकं आणि नाले. नाला ओलांडला की बूट ओले, आणि गोळीबार चालू असताना बूट काढायची सोय नाही. पाय असाच थंड आणि ओला राहिला तर आधी बधिर होतो, मग सुजतो, मग टेकवत नाही. गोळी न लागताच माणूस कामातून जातो. म्हणून उसंत मिळाली की बाबा खंदकाखंदकातून फिरून मोजे बदलायला लावत, पाय पुसून घ्यायला लावत. त्याच फेरीत पिण्याच्या पाण्यात क्लोरीन पडलंय का आणि संडासाचा चर स्वयंपाकाच्या जागेपासून पुरेसा लांब खणलाय का, हेही बघायचं. एक जुलाबाची साथ पलटणीचं जे करते ते शत्रूच्या तोफखान्याला जमत नाही, असं ते म्हणत. तुमच्या मुलीला हे कंटाळवाणं वाटलं तर तिला सांगा, आरएमओचं निम्मं युद्ध यातच असतं.

उरलेलं निम्मं तुमच्या मनात आहे ते. शकरगडमध्ये सुरुंग फार होते. माणसांसाठी पेरलेला सुरुंग लहान असतो, बहुतेकदा पाऊलच नेतो. बाबांनी एका जवानाच्या टाचेच्या भेगेवर सकाळी चिकटपट्टी लावली होती. रात्री तो स्ट्रेचरवर आला तेव्हा चिकटपट्टीचा पाय तसाच होता, दुसरा घोट्याखाली नव्हता. कंदिलावर कापड टाकून, मिणमिणत्या उजेडात त्यांनी वरून बंध आवळला, बांधल्याची वेळ लिहिली, मॉर्फिन दिलं आणि त्याच्या कपाळावर पेनाने इंग्रजी 'एम' काढला. मागे जो डॉक्टर त्याला बघेल त्याने नकळत दुसरा डोस देऊ नये म्हणून. थंडीने गारठलेल्या, रक्त गेलेल्या माणसाच्या स्नायूत दिलेलं मॉर्फिन तिथेच पडून राहतं. वेदना थांबत नाही म्हणून आणखी दिलं, तर अंगात ऊब आल्यावर सगळं एकदम रक्तात उतरतं आणि श्वास बंद पडू शकतो.

आणि ती जखम त्यांनी शिवली नाही. हे ऐकून मला लहानपणी धक्का बसला होता. सुरुंग फुटतो तेव्हा माती, गवत, बुटाचं चामडं वर मांसात घुसतं. वरून टाके घातले तर आत सगळं कुजतं. म्हणून मागच्या शस्त्रक्रिया केंद्रात मेलेलं मांस कापून जखम साफ करतात, गॉज भरून उघडीच ठेवतात आणि चार-पाच दिवसांनी, पू नाही अशी खात्री झाल्यावर बंद करतात. रक्त थांबवणं, हाड बांधणं, पेनिसिलिन आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देणं, आणि कोणाला आधी मागे पाठवायचं ते ठरवणं, एवढंच पुढच्या डॉक्टरच्या हातात असतं. त्याच्या मागे फील्ड ॲम्ब्युलन्स (ही गाडी नव्हे, डॉक्टरांची आख्खी तुकडी), मग शस्त्रक्रिया केंद्र, मग मोठं इस्पितळ. सर्जनची जागा तिथे. तुमच्या मुलीला सर्जरी करायची असेल तर पुढे एमएस करून ती तिथे पोचू शकते. पण सुरुवातीच्या नेमणुकांत पलटणीसोबत राहण्याची तयारी हवी.

त्या जवानाचं पुढे काय झालं ते बाबांना कधीच कळलं नाही. त्यांच्याकडून माणूस मागे जायचा आणि दिसेनासा व्हायचा. नंतर पुण्यात बदली झाली तेव्हा ते वानवडीतल्या कृत्रिम अवयव केंद्रावरून जाताना स्कूटर हळू करायचे. ते केंद्र १९४४ पासून आहे, पाय गमावलेले जवान तिथे येतात. मी मागे बसलेली असायचे. ते फाटकाकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

लढावं लागतं का? नाही. जिनिव्हा करारानुसार डॉक्टरच्या दंडावर रेड क्रॉसची पट्टी असते, आणि हत्यार असलंच तर ते स्वतःच्या आणि जखमींच्या रक्षणापुरतं. शत्रूचा जखमी आला तर त्यालाही त्याच क्रमाने तपासायचं, ज्याला जास्त गरज तो आधी. बाबांनी तसं केलं होतं, आणि पलटणीतल्या काहींना ते आवडलं नव्हतं.

शांततेच्या काळातही डॉक्टरला नाही म्हणता यावं लागतं. लडाखमध्ये वर चढण्याआधी शरीराला विरळ हवेची सवय करावी लागते. २,७०० मीटरच्या वर सहा दिवस, ३,६०० च्या वर चार, ४,५०० च्या वर आणखी चार. घाई केली तर फुप्फुसात पाणी होऊन धडधाकट जवान एका रात्रीत जाऊ शकतो. तिथे एकदा वरिष्ठांना घाई होती आणि बाबा अडून बसले. बढतीवर परिणाम झाला असं आईला अजून वाटतं. मला त्या गोष्टीचा फार अभिमान आहे.

मुलगी आहे म्हणून काळजी करत असाल तर याच कॉलेजातून शिकलेल्या पुनीता अरोरा आणि आपल्या माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या, एवढं तिला सांगा.

प्रवेशासाठी नीटच्या गुणांनंतर त्यांची वेगळी चाचणी, मुलाखत आणि पुण्यातच वैद्यकीय तपासणी असते. लष्कराच्या तपासणीत तळपाय सपाट आहेत का तेही बघतात. तेवढं जवळच्या हाडांच्या डॉक्टरकडून आधी पाहून घ्या.