चार महिन्यांनी असं काय बिघडतं?

"ताई, चार महिन्यांनी बाय अठराची होतेच. आधी लग्न लावलं तर काय बिघडतं?" गोव्यातल्या सत्तरी-डिचोली भागातल्या आया मला हे वरचेवर विचारतात. त्यातल्या एकीबरोबर मुलगीही आली होती, बारावीतली. तासभर ती कदंब बसच्या पासाची कड नखाने कुरतडत होती. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

२०१८ मध्ये खाणी बंद पडल्या आणि वडिलांनी ट्रक विकला. घरात ओढाताण. त्यात मुलगी कुणाशी तरी फोनवर बोलते असं कळलं. सीमेपलीकडचं, महाराष्ट्रातल्या दोडामार्गकडचं स्थळ आलं, मुलगा सव्वीसचा, हुंडा नको म्हणाले. इथे रजिस्ट्रारकडे सह्या होणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून लग्न पलीकडच्या देवळात.

मी सांगितलं, २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा दोडामार्गचा नाका ओलांडला म्हणून बदलत नाही. लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठराखालच्या बायकोशी संबंध हा बलात्कारच. आईने ऐकून घेतलं, हलली मात्र नाही.

मग मुलीला बाहेर बसवलं. "तुमचं लग्न कितव्या वर्षी झालं?"

"सोळाव्या." पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "पहिल्या खेपेला पाय सुजले होते, डोकं ठणकायचं. सासूला सांगायची लाज वाटली. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेताना वाटेतच झटके आले. मी वाचले, बाळ गेलं."

कोवळ्या वयातल्या गरोदरपणात रक्तदाब आणि झटक्यांचा धोका जास्त असतो, हे कुठलीही नर्स सांगेल. मला मात्र ती लाज जास्त छळते. सूज आली, दुखतंय, नको, एवढं सासरी म्हणता यायला पायाखाली काही लागतं: शिक्षण, चार पैसे, पाठीशी माहेर. आईला मी तेच विचारलं, "हे सगळं तिच्याकडे आज आहे का?"

लोक नावं ठेवतील ही तिची भीती खरी होती. मी ती खोडून काढली नाही. मुलीशी एकटीशी बोलले, तर तिला त्या फोनवरच्या मुलाशीही लग्न नको होतं. घरात बोलायला कुणी नव्हतं, एवढंच. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर तिने पासाच्या मागे लिहून घेतला.

तिसऱ्या भेटीला वडील आले. नकार त्यांनीच कळवला. मध्यस्थी करणारा मामा अजून बोलत नाही. मार्चमध्ये मुलीने बारावीचे पेपर दिले. फोन मात्र अजून आईच्याच ताब्यात असतो, त्यावर आमचं बोलणं चालू आहे.